चाळीस घरांचा सौदा

भामा चिक्कडपल्लीच्या भाजीबाजारात शिरली की निम्म्या भाजीवाल्या तोंड फिरवून पाण्याची बाटली शोधायला लागतात. ती आधी जुडी उचलते, मग नाक मुरडते, मग ‘एंत?’ म्हणून भाव विचारते, आणि उत्तर आलं की भावाचं नाव न काढता भाजीवालीच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी सुरू करते. बाळाचं वजन, टाके, दूध पुरतं की नाही, सगळं. मागची गिऱ्हाइकं खोळंबतात. शेवटी भाजीवालीच हात जोडून म्हणते, "तीसुको अम्मा, तीसुको. घेऊन जा आणि सोड मला." मग भामा पिशवीचं तोंड उघडते. जो घाई करतो तो फसतो, एवढं एकच शास्त्र ती आयुष्यात शिकली, आणि ते तिनं मेथीच्या जुडीपुरतं ठेवलं नाही. शिवराजसाठी ती तीन वर्षं थांबली.

शिवराज म्हणजे तिच्या नवऱ्याचा, एकनाथरावांचा, शाळेपासूनचा दोस्त. दोघं काचीगुड्यात एकाच गल्लीत वाढले, एकाच मराठी शाळेत पट्ट्या खाल्ल्या. एकनाथराव एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. शिवराजनं प्लॉट आणि फ्लॅट विकण्याचा धंदा काढला आणि गळ्यात चेन घातली. तरी तो ह्यांना ‘नाथ्या’ म्हणायचा आणि हे त्याला ‘शिवा’. भामाच्या हातची आंबाडीची भाजी त्यानं किती वेळा खाल्ली असेल याचा हिशेब नाही. म्हणून तर तिचा राग इतका मुळापासूनचा. परक्यानं फसवलं असतं तर तिनं शिव्या घालून विषय संपवला असता.

आता त्या सौद्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाकीचं काही कळायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी मराठी मंडळाचा हॉल आहे. वर सभागृह, खाली स्वयंपाकघर. गणपतीतल्या रविवारी तिथं महाप्रसाद असतो, आणि त्या दिवशीच्या पुरणपोळ्या आचाऱ्याच्या हातच्या नसतात. गल्लीतली जुनी चाळीस मराठी घरं आपापल्या तव्यावर त्या करतात. पण एका घरची पोळी गोड आणि दुसऱ्या घरची फिकी अशी कुरबुर नको, म्हणून डाळ, गूळ, कणीक, वेलदोडे सगळ्यांना मंडळच मोजून देतं. हे सामान बेगम बाजारातून आणायचं काम तीस वर्षं एकनाथरावांकडे होतं. त्याला गल्लीत ‘चाळीस घरांचा सौदा’ म्हणायचे.

हैदराबादच्या मराठी माणसाला यात काही सांगावं लागत नाही. इथं सौदा म्हणजे किराणा. "ते सौदा आणायला गेलेत" म्हणजे पिशवी घेऊन दुकानात गेलेत, बस. दख्खनी बोलता बोलता हा शब्द आपल्या तोंडात येऊन बसला, आणि तिन्ही पिढ्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. पुण्यामुंबईचं माणूस मात्र सौदा म्हटलं की कान टवकारतं.

आणि पुण्यामुंबईची माणसं मंडळात भराभर येत होती. मुलांना मराठी ऐकू यावं म्हणून कंपन्यांतली जोडपी लांबून लांबून गाड्या घेऊन यायची. हेमंत आणि वैशाली त्यांतलेच. माणसं चांगली. फक्त त्यांना सगळं नियमानं हवं असायचं. मंडळाचा अध्यक्ष निवडायची सभा महाप्रसादाच्या रविवारीच होते, कारण सगळे सभासद एका जागी सापडतात तो एवढाच दिवस. तीन वर्षांपूर्वी लोकांनी भरीस घालून एकनाथरावांना अध्यक्षपदासाठी उभं केलं. समोर शिवराज. तेव्हा तो मंडळाचा सचिव होता.

शुक्रवारी एकनाथराव बेगम बाजारातून आले, आणि पोती घरोघर पोचवायला रिक्षा सचिवाकडून मागायची म्हणून भामानं फोनवर बोलून निरोप पाठवला. "शिवराजभावजी, ह्यांचा चाळीस घरांचा सौदा झाला बघा आज. भाव चांगला पाडून घेतलाय. उद्या घरोघर पोचवून टाकू, म्हणजे रविवारची चिंता नाही."

शिवराजनं तो निरोप उचलला आणि मंडळाच्या सगळ्या सभासदांच्या ग्रुपवर टाकला. वर एकच ओळ लिहिली. ‘आवाज वहिनींचा आहे. सभासदांनी ऐकून काय ते ठरवावं.’

रविवारी भामा खाली कढी ढवळत होती. वर सभेत हेमंत उभा राहिला आणि अगदी अदबीनं त्यानं विचारलं, "काका, तुम्ही चाळीस घरांचा सौदा केलात, हे खरं आहे का?"

एकनाथरावांना वाटलं, पोरगा कौतुकानं विचारतोय. ते ग्रुपबिप बघत नव्हते. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "हौ, केला की. दर साली मीच करतो. तीस वर्षं झाली."

काकांनी चाळीस घरांची मतं विकत घेतली, असा अर्थ लावून सभा जी पेटली ती विझेना. जुने दोघंतिघं ‘अहो, सौदा म्हणजे...’ म्हणून उठले, त्यांना लोकांनी ‘तुम्हाला किती मिळाले’ म्हणून खाली बसवलं. मंचावर शिवराज बसला होता. हॉलमध्ये त्याच्याएवढं त्या शब्दाला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याची आई त्याला दर शनिवारी सौदा आणायला पिटाळायची. तो नखं बघत बसला. एकनाथराव त्याच्याकडे वळून म्हणाले, "शिवा, सांग की रे ह्यांना." तो म्हणाला, "तुम्हीच कबूल केलंत, आता मी काय बोलू?" ‘तुम्ही’ म्हणाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

मत हात वर करून द्यायचं होतं. एकनाथरावांचं नाव पुकारलं तेव्हा चाळीस घरांतल्या एकाही माणसाचा हात वर झाला नाही. जो वर करील तो विकला गेलेला ठरणार होता.

नंतर भामानं ग्रुपवर लांबलचक लिहिलं. उत्तरं आली, ‘जाऊ द्या काकू’, ‘असो’, आणि खाली जोडलेले हात. हळूहळू लोकांना खरं कळलंही, नाही असं नाही. वर्षभरात हेमंत घरी येऊन माफी मागून गेला. त्याच्यावर तिचा राग नव्हता. त्याला शब्द माहीत नव्हता. ज्याला माहीत होता तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसून हार घेत होता.

एकनाथरावांनी मंडळाची पायरी चढणं सोडलं. बेगम बाजार सोडला. घरचं तेलमीठसुद्धा फोनवरून मागवायला लागले. दाढी आठवड्यातून एकदा. कुणी समजूत घालायला आलं की ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "ते सगळं जाऊ दे. शिवाला तर माहीत होतं. तो का बोलला नाही?" भामा हा प्रश्न ऐकायची आणि पोळपाटावर लाटणं असं आपटायची की खालच्या मजल्यावरचे वर बघायचे.

ती शिवराजकडे भांडायला गेली नाही. ती कामाला लागली. वैशालीच्या नणंदेचं लग्न निघालं, तर भामा तिला सुलतान बाजारात घेऊन गेली आणि साड्यांच्या दुकानदाराला सुनेच्या बाळंतपणाच्या गोष्टी विचारून विचारून घायकुतीला आणलं. वैशालीनं ही कथा चार मैत्रिणींना सांगितली. मग रसिका आली, मग मृण्मयी आली. बांगड्या कुठं घ्याव्यात, मोलकरणीशी काय ठरवावं, पोराच्या मुंजीला गुरुजी कुठला, सगळ्याला भामाकाकू. त्यांच्या पोरांना तिनं आंबाडी खायला शिकवली. तिसऱ्या वर्षी तिच्या एका फोनवर सत्तर बायका जमत होत्या. जुन्या घरांतल्या चाळीस आणि नव्या फ्लॅटांतल्या तीस. लोक म्हणायचे, काकूंना माणसांची केवढी हौस! हौस कसली डोंबलाची. ती भाव विचारायच्या आधीची चौकशी होती.

यंदा निवडणूक पुन्हा आली. वैशाली उभी राहिली. शिवराजच्या मागे एका पक्षाचा माणूस लागला होता. मंडळाचं अध्यक्षपद टिकवलंस तर नगरसेवकाच्या तिकिटाचं बघू, असं त्यानं सांगितलेलं. शिवराजनं सभासदांची यादी काढली, खुणा केल्या, आणि चतुर्थीच्या आधीच्या सोमवारी भर दुपारी तो जिना चढून भामाच्या दारात उभा राहिला. एकनाथराव बँकेत गेले होते. तेवढं बघूनच तो आला होता.

"वैनी, आंबाडीचा वास नाही आला बहुत दिवसांत," तो हसत म्हणाला.

"या ना भावजी. बसा. चहा ठेवते."

"नक्को, त्रास नक्को. एक काम होतं."

"काम होतच राहील. अलका कशी आहे? गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे." अलका म्हणजे त्याची बायको. भामानं डाव्या गुडघ्याचं विचारलं, उजव्याचं विचारलं, डॉक्टरचं, फिजिओथेरपीवाल्या पोरीचं. चहा झाला. शिवराजनं तीनदा घड्याळ बघितलं. शेवटी तोच म्हणाला, "वैनी, सीधी बात करतो. तुमच्या बायकांची मतं मला पाहिजेत. काय करू सांगा."

"तुम्हीच सांगा. मी काय सांगणार?"

"नाथ्याचं जे झालं त्याबद्दल मी हेमंतला एकट्याला गाठून सांगतो."

"हेमंतला मीच सांगितलंय. साखर कमी झाली का चहात?"

"मग ग्रुपवर लिहितो. सगळे वाचतील."

"आमचे हे ग्रुप वाचत नाहीत हो." ती कप उचलून आत निघाली. दुकानातून उठून निघणाऱ्या गिऱ्हाइकाची चाल तीच असते, आणि दुकानदार मागून हाक मारतो ती याच ठिकाणी.

"वैनी! बसा तर. मंचावरून बोलतो. चतुर्थीला, प्रतिष्ठापनेनंतर."

ती दारातच थांबली. "माइकवर. ह्यांच्या समोर. सौदा म्हणजे किराणा, दुसरं काही नाही, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं, असं म्हणायचं."

"माहीत होतं असं कसं म्हणू? माझी काय इज्जत राहील?"

"मग राहू द्या."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ‘मला माहीत होतं’ हे वाक्य भामानं सोडलं आणि ‘माझी चूक झाली’ हे पदरात पाडून घेतलं. शिवराजला वाटलं, आपण स्वस्तात सुटलो. जिना उतरताना तो वळून म्हणाला, "मग ठरलं ना वैनी? सत्तरच्या सत्तर?"

"ठरलं," ती म्हणाली. तिचं मन तेव्हा इतकं थंड होतं की तिचं तिलाच नवल वाटलं. त्याला एकही मत द्यायचं नाही, हे तिनं चहाला आधण ठेवतानाच नक्की केलं होतं. तिला दोन्ही हवं होतं. त्याचा शब्दही आणि त्याची खुर्चीही.

चतुर्थीला शिवराज बोलला, आणि मेल्यानं बोलावं तर असं. प्लॉट विकून विकून जीभ तयार झालेली. "मंडळी, आपल्या हैदराबादेत सौदा म्हणजे किराणा. डाळ, गूळ, कणीक. बाकी काही नाही. माझ्या दोस्तावर अन्याय झाला आणि मी गप्प बसलो. माझी चूक झाली." मग तो मंचावरून उतरला, भामानं बळेबळे ओढून आणलेल्या एकनाथरावांपाशी गेला आणि त्यानं त्यांना मिठी मारली. हे तर ठरलेलंही नव्हतं. भाजीवर वरची कोथिंबीर टाकतात तसं त्यानं ते फुकटात दिलं असेल. "नाथ्या, माफ कर रे," तो म्हणाला. एकनाथराव भर सभेत रडले. सगळा हॉल डोळे पुसत होता. भामानंही पदर लावला, कारण न लावणं दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथरावांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते बेगम बाजारला गेले. यंदाचा सौदा त्यांनीच आणला. गूळ हाताळून, डाळ चावून. घरी आले ते गुणगुणत. जेवताना म्हणाले, "भामा, मी म्हणत होतो ना, शिवा मनानं वाईट नाही. आपणहून आला बघ. कुणी सांगितलं नाही, सवरलं नाही. तीन वर्षं त्यालाही आत डाचत असणार."

"असेल," भामा म्हणाली आणि ताटात भात वाढला. त्या दिवशी ते दोन घास जास्तच जेवले.

पुढचे चार दिवस ते गल्लीत फिरून प्रत्येकाला सांगत होते, मत शिवालाच द्या हां. भामा ते ऐकत होती. शनिवारी पुरण वाटता वाटता तिच्या मनात आलंही, की जाऊ दे, द्यावीत मतं, घरात इतकं सुख आलंय. मग तिला ती सभा आठवली. नखं बघत बसलेला शिवराज आठवला, आणि फोनवरून मीठ मागवणारा आपला नवरा आठवला. तिनं हात धुतले आणि वैशालीला फोन लावला. "सगळ्यांना सांग, त्याचं नाव पुकारलं की हात मांडीवर."

रविवारी जेवणं खाली चालू होती, सभा वर. या खेपेला भामा कढीपाशी थांबली नाही. ती वर जाऊन बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली. शिवराजचं नाव पुकारलं. पुरुषांच्या बाजूला तुरळक हात वर झाले. बायकांच्या बाजूला एक नाही. सत्तर बायका हात मांडीवर घेऊन समोर बघत बसल्या, फोटो काढायला बसल्यासारख्या. शिवराजनं भामाकडे बघितलं. तिनं शांतपणे त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि हटवले नाहीत. ते सुख तिनं तीन वर्षं उधार ठेवलं होतं, ते आता रोखीनं घेतलं. कितीतरी दिवसांत इतकं गोड काही तिच्या जिभेला लागलं नव्हतं.

मग तिची नजर पलीकडे गेली. चौथ्या रांगेत एकनाथराव हात उंच करून बसले होते. मोजणाऱ्यानं मोजून पुढं गेल्यावरही त्यांनी तो खाली घेतला नव्हता.

वैशाली निवडून आली. टाळ्या चालू असतानाच भामा बायकांना घेऊन वाढायला खाली उतरली आणि शिवराज तिच्या मागे स्वयंपाकघरात आला. एकनाथरावही त्याला धीर द्यायला म्हणून मागोमाग उतरले होते, ते त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याला पर्वा उरली नव्हती.

"वैनी, ये क्या तरीका है? आपलं ठरलं होतं! मी माझा शब्द पाळला. मंचावर बोललो, सगळ्यांसमोर नाक घासलं. सत्तर मतांचा सौदा होता आपला!"

"सौदा?" भामा म्हणाली. पंगतीला वाढणाऱ्या बायका थांबल्या. "सौदा म्हणजे किराणा, भावजी. डाळ, गूळ, कणीक. बाकी काही नाही. चतुर्थीला तुम्हीच सांगितलंत की माइकवर."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. शिवराजचं तोंड असं झालं की भामाला वाटलं, ह्या एका तोंडासाठी आणखी तीन वर्षं थांबले असते. तो चपला घालून बाहेर पडला.

एकनाथराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. ते हसले नाहीत.

"काय ठरलं होतं, भामा?"

भाजीवाल्यांपासून साडीवाल्यांपर्यंत तिनं आयुष्यभर किती थापा मारल्या असतील. आत्ता एक सुचली असती तर बरं झालं असतं. "मतं देते म्हटलं होतं मी त्याला," ती म्हणाली. "माइकवर बोलायच्या बदल्यात."

"म्हणजे तो आपणहून आला नव्हता."

"नाही."

"मिठीसुद्धा?"

मिठीचं आमचं बोलणं झालं नव्हतं, असं खरं तर तिला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण ते म्हटलं असतं तर शिवराजच्या वाट्याला थोडं काहीतरी चांगलं गेलं असतं, आणि तेवढंही त्याला द्यायची तिची तयारी नव्हती.

"मिठीसुद्धा," ती म्हणाली.